विघ्ननाशाचा अर्थ: अडथळा हटणे आणि अडथळ्यातून सुटणे

मराठी घरांत कोणत्याही कार्याचा आरंभ गणेशपूजनाने होतो. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली जाते, दुकानाच्या नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिली जाते आणि पायाभरणीचा नारळ फुटतो तोही काम निर्विघ्न तडीस जावे या हेतूनेच. ही मागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात दोन निरनिराळ्या मागण्या एकवटल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. वाटेतील अडथळा नाहीसा व्हावा ही एक मागणी, आणि अडथळा जागच्या जागी राहिला तरी मागणाऱ्याला त्यातून वाट मिळावी ही दुसरी. पहिली पुरी झाली तर मागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट मोकळी होते. दुसरी पुरी झाली तर एकट्याचे काम होते आणि बाकीचे होते तिथेच राहतात. विघ्नहर्त्याकडे नेमके काय मागायचे हा प्रश्न वरवर देवघरापुरता वाटला, तरी तलाठी कचेरी, रेशन दुकान, स्पर्धा परीक्षा आणि रस्त्यावरचा मंडप या सगळ्यांत तो निराळ्या वेशात उभा असतो. भारतीय दर्शनांनी विघ्नाचा विचार फार चिकाटीने केलेला आहे, आणि त्या विचारातील काही भेद आजच्या व्यवहाराला लावून पाहिले असता आपण कोणती मागणी करत आहोत हे बरेच स्पष्ट होते.

या विचाराचा आरंभ एका चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टीपासून होतो, ती अशी की जुन्या ग्रंथांतील विनायक विघ्ने हरण करणारा नसून विघ्ने आणणारा आहे. कृष्ण यजुर्वेदाच्या मैत्रायणी शाखेशी संबंधित मानवगृह्यसूत्रात चार विनायकांचा उल्लेख येतो. त्यांनी ग्रासलेल्या माणसांची लक्षणे सांगताना सूत्रकार जी यादी देतो ती समाजाच्या सर्व थरांना स्पर्श करणारी आहे: राजपुत्राला पात्रता असून राज्य मिळत नाही, मुलीला वर मिळत नाही, विद्वानाला आचार्यपद मिळत नाही, व्यापाऱ्याला नफा होत नाही आणि शेतकऱ्याचे पीक हाती लागत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात पुढे एकच विनायक येतो, तो अंबिकेचा पुत्र म्हणून ओळखला जातो, आणि रुद्र व ब्रह्मदेव यांनी त्याला कर्मांत विघ्न आणण्याच्या कामावर नेमले आहे असे तेथे म्हटले आहे. विघ्न हा येथे योगायोग नाही, ती एक नेमणूक आहे. अडवणे हे कोणाचे तरी अधिकारपद आहे. ज्याच्या हाती अडवण्याचा अधिकार आहे त्याच्याच हाती सोडण्याचाही अधिकार असणार, आणि म्हणून विघ्नकर्ता हळूहळू विघ्नहर्ता म्हणून पूजला जाऊ लागला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या स्थित्यंतराची चर्चा केली आहे.

पुराणांनी या कल्पनेत आणखी एक भर घातली. लिंगपुराणातील कथेनुसार दैत्य तपाने वर मिळवून उन्मत्त होऊ लागले, तेव्हा त्यांच्या कर्मांत विघ्न यावे अशी देवांनी शिवाकडे याचना केली आणि त्यातून विघ्नेश्वर प्रकट झाला. म्हणजे विघ्न सर्वांसाठी अनिष्ट असते असे नाही. ते कोणाच्या कामात येते आणि ते काम कसले आहे, यावर त्याचे मूल्य ठरते. ही भूमिका मान्य केली तर ‘सगळे अडथळे दूर होवोत’ ही प्रार्थना तशी भाबडी ठरते, कारण दुष्कर्माच्या वाटेतील अडथळा हीच सज्जनाची सुरक्षितता असते. या मुद्द्याकडे पुढे वळता येईल. तत्पूर्वी विघ्न म्हणजे काय आणि विघ्न नसलेले पण विघ्नासारखे दिसणारे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

हा भेद सर्वांत काटेकोरपणे मांडला तो नैयायिकांनी, म्हणजे ज्ञानाची साधने आणि कार्यकारणभाव यांची चिकित्सा करणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी. ग्रंथारंभी देवतेला केलेल्या वंदनाला मंगल म्हणतात, आणि त्या मंगलाने ग्रंथ निर्विघ्न पुरा होतो अशी शिष्टांची समजूत होती. या समजुतीवर एक रोखठोक आक्षेप घेतला गेला: मंगल करूनही काही ग्रंथ अपुरे राहतात आणि मंगल न करताही नास्तिकांचे ग्रंथ पुरे झालेले दिसतात, मग मंगलाला समाप्तीचे कारण कसे म्हणायचे? बाणभट्टाच्या कादंबरीच्या आरंभी मंगलश्लोक आहेत, तरीही ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. ती त्याच्या मुलाने पूर्ण केली. जुन्या नैयायिकांनी या आक्षेपाला नाना उत्तरे दिली. नास्तिकाने पूर्वजन्मी मंगल केले असावे, किंवा विघ्ने फार आणि मंगल थोडे पडले असावे, अशी ती होती. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास मिथिलेत गंगेश उपाध्यायांच्या तत्त्वचिंतामणीपासून जी नव्यन्यायाची परंपरा सुरू झाली, तिने मात्र प्रश्नाची मांडणीच बदलली. मंगलाचे फळ विघ्नाचा नाश एवढेच आहे, ग्रंथाची समाप्ती हे त्याचे फळ नाही. समाप्ती होते ती लेखकाची बुद्धी, प्रतिभा, आयुष्य आणि परिश्रम या तिच्या स्वतःच्या कारणांनी, असा निर्णय या परंपरेत मान्य झाला. ज्याच्या वाटेत मुळात विघ्नच नव्हते त्याने केलेले मंगल त्या वेळेपुरते निष्फळ ठरेल, आणि तसे ठरले तरी बिघडत नाही, इतकी मोकळीक या पंडितांनी दाखवली.

या निर्णयातून एक अत्यंत उपयोगी भेद हाती येतो. कार्य न होण्याचे दोन प्रकार आहेत: त्याला लागणारे कारणच उपलब्ध नसते, किंवा सर्व कारणे जमलेली असूनही काहीतरी त्यांना अडवते. पहिल्याला कारणाचा अभाव म्हणावे आणि दुसऱ्याला प्रतिबंधक, म्हणजे अडवणारी वस्तू. विघ्न हा शब्द केवळ दुसऱ्यालाच लागू पडतो. ज्या गावच्या शाळेत गणिताला शिक्षकच नेमलेला नाही, तेथील मुले गणितात मागे पडली तर त्यांच्या वाटेत विघ्न आले असे म्हणता येत नाही. तेथे कारणच अनुपस्थित आहे. ज्या तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरचे पद भरलेलेच नाही, तेथे उपचारात ‘अडचण’ आली हे विधान शास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि व्यवहारदृष्ट्या सोयीचे आहे. सोयीचे अशासाठी की अडचण ही आपोआप उद्भवते आणि आपोआप निवळते असे गृहीत धरता येते, तर अनुपस्थित कारणाबाबत ते कोणी पुरवायला हवे होते हा प्रश्न टाळता येत नाही. ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘अपरिहार्य अडचणींमुळे’ अशी सूचनाफलकांवरची भाषा कारणाच्या अभावाला विघ्नाचे रूप देते आणि कर्त्याला वाक्यातून बाहेर काढते. नशिबाची, ग्रहांची आणि पितृदोषाची भाषाही पुष्कळदा हेच काम करते. नोकरीच्या जागाच थोड्या असताना तरुणाच्या पत्रिकेत दोष शोधला जातो, त्यावर महागडी शांती सुचवली जाते, आणि जागा थोड्या का, हा प्रश्न विचारण्याचे राहून जाते. नव्यन्यायाच्या कसोटीने पाहिले तर अशी शांती करणारा श्रद्धाळू असला तरी त्याचे निदान चुकलेले असते, कारण जे अडलेलेच नाही ते सोडवण्यासाठी तो खर्च करत असतो.

खऱ्या प्रतिबंधकाचे स्वरूप समजावून सांगण्यासाठी नैयायिक एक ठरावीक दृष्टांत देतात. अग्नीजवळ लाकूड ठेवले की ते जळते. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला असता अग्नी असूनही जळणे थांबते, असे त्या काळी मानले जात होते. येथे कारणे सर्व हजर आहेत, तरी कार्य होत नाही. मीमांसकांतील, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातील, प्राभाकर पंथाचे पंडित म्हणत की मण्यामुळे अग्नीची दाहक शक्ती नष्ट होते. नैयायिकांना अशी अदृश्य शक्ती मानायची गरज वाटली नाही. मण्याचा अभाव हेही जळण्याच्या कारणांपैकी एक कारण आहे, तेव्हा मणी आला की ते कारण गेले आणि काम थांबले, एवढे त्यांना पुरेसे होते. मात्र या दृष्टांताला एक पुरवणी आहे आणि खरा मर्माचा भाग त्या पुरवणीत आहे. उत्तेजक नावाचा आणखी एक पदार्थ असतो, आणि तो जवळ आणला की पहिला मणी जागेवरच असूनही लाकूड जळू लागते. मणी हटलेला नसतो, फक्त त्याची अडवणूक त्या एका लाकडापुरती निष्प्रभ झालेली असते. त्यामुळे नैयायिकांना आपली व्याख्या दुरुस्त करावी लागली: जळण्याला हवा तो नुसत्या मण्याचा अभाव नाही, तर उत्तेजक सोबत नसलेल्या मण्याचा अभाव.

तर्कशास्त्राच्या वर्गात ही पुरवणी व्याख्येचा काथ्याकूट म्हणून शिकवली जाते, पण सार्वजनिक व्यवहाराचे ती जितके नेमके वर्णन करते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. कचेरीत फाईल अडते, आणि ‘साहेबांच्या ओळखीचा’ माणूस किंवा बाहेरच्या टपरीपाशी बसलेला एजंट मध्ये पडला की तीच फाईल हलते. ज्याचे काम झाले त्याला वाटते की विघ्न गेले. वास्तविक मणी जिथल्या तिथे आहे. त्याच्या हाती फक्त उत्तेजक लागला. वशिला, चिरीमिरी, पुढाऱ्याची चिठ्ठी, ‘आपला माणूस’ ही सारी उत्तेजकांची नावे आहेत, आणि त्या सर्वांचा एक समान गुण असा की ती अडथळ्याला धक्का लावत नाहीत. उलट अडथळा टिकला तरच उत्तेजकाला भाव राहतो, म्हणून एजंटाचे हित फाईल अडण्यात असते. ज्या समाजात उत्तेजकांचा बाजार भरभराटीला येतो तेथे मणी हटवण्याची मागणी क्षीण होत जाते, कारण ज्यांच्यापाशी आवाज आहे त्यांच्यापाशी बहुधा उत्तेजकही असतो, आणि ज्यांच्यापाशी उत्तेजक नाही त्यांचा आवाज पोहोचत नाही.

देवळाची रांगही या विवेचनातून सुटत नाही. अनेक मोठ्या देवस्थानांत सशुल्क शीघ्रदर्शनाची सोय असते आणि मान्यवरांसाठी वेगळे दार असते. गर्दीचे व्यवस्थापन, देवस्थानचा खर्च, वृद्ध व अपंगांची सोय अशी काही कारणे त्यामागे दिली जातात, आणि शेवटच्या कारणाला आक्षेप घेण्यासारखे काही नाही. परंतु पैसे भरून पुढे गेलेल्या भाविकाच्या मागे जी रांग तासन्‌तास उभी राहते, तिची लांबी त्याच्या पुढे जाण्याने कमी होत नाही, थोडी वाढतेच. ज्या देवतेकडे विघ्न दूर करण्याचे मागणे मागायचे तिच्याच दारात भाविक दुसऱ्याच्या वाटेतील विघ्न बनतो, हा विरोधाभास धर्मविचाराने डोळ्याआड करता कामा नये. भाविक येथे देवाची कृपा मागतो की उत्तेजक, हा प्रश्न नवसालाही लागू होतो. ‘माझे एवढे काम कर, मी तुला अमुक वाहीन’ या बोलीचा ढाचा कचेरीतील व्यवहाराहून निराळा नसेल, तर कचेरीतला व्यवहार आपल्याला पाप का वाटत नाही याचे एक कारण कदाचित देवघरातच सापडेल.

मणी हटवणे आणि उत्तेजक देणे यांतील फरक अलीकडच्या काही घडामोडींत उघड दिसतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला, प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली, सेवा न मिळाल्यास अपिलाच्या पायऱ्या आखल्या आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. या कायद्याचे तात्त्विक महत्त्व दंडाच्या रकमेत नाही. अडवणाऱ्याचे नाव आणि अडवण्याची मुदत कागदावर आणणे हे त्याचे महत्त्व आहे, कारण ज्या अडथळ्याला धनी असतो त्याच्याशी निदान भांडता तरी येते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढता येऊ लागला तेव्हा त्या एका कागदापुरता तलाठ्याकडचा खेटा वाचला, तो ओळख असलेल्याचाही आणि नसलेल्याचाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अगदी तोंडावर असताना पुन्हा पुढे ढकलली गेली आणि पुण्यात परीक्षार्थी रस्त्यावर उतरले. परीक्षा त्याच महिन्यात २१ तारखेला झाली. अभ्यासिकेतील प्रत्येकाने आपापल्या परीने मंत्रालयात ओळख शोधली असती तर काहींना आतली बातमी मिळाली असती, तारीख कोणालाच मिळाली नसती. अर्थात परीक्षेची तारीख हे विघ्न दूर झाले तरी जागांची कमतरता हा कारणाचा अभाव तसाच राहिला, आणि दोन्हींसाठी एकच उपाय पुरत नाही हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

यंत्राने जुना मणी उचलला की नवा मणी ठेवला जाण्याचीही शक्यता असते. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून ओळख पटवण्याची पद्धत आली ती धान्याची गळती थांबावी, म्हणजे चोराच्या वाटेत विघ्न यावे, या रास्त हेतूने. पण ज्या बाईने जन्मभर शेणगोठा, खुरपणी आणि धुणीभांडी केली तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते, दुकानदार दुसरे बोट लावायला सांगतो, मग नेटवर्क जाते, आणि मागची माणसे ‘आजी, बाजूला व्हा जरा’ म्हणू लागतात. नियमांत पर्यायी ओळखीची सोय असली तरी तिची माहिती आजीला नसते आणि दुकानदाराला ती सांगण्याची उसंत नसते. येथे अडवणारा कोणी दुष्ट नाही, लाच मागणारा कोणी नाही, रागवावे असे माणूसही समोर नाही. गृह्यसूत्रांच्या विनायकाला निदान नाव होते आणि त्याला शांत करण्याचा विधी होता. या अडथळ्याला दोन्ही नाही. चोरासाठी योजलेले विघ्न ज्याच्या हाताला घट्टे आहेत त्याच्या वाट्याला येते, तेव्हा हेतू चांगला होता हे उत्तर अपुरे पडते, कारण विघ्नाचे मूल्य हेतूवरून न ठरता ते प्रत्यक्षात कोणाला अडवते यावरून ठरते, हे लिंगपुराणाच्या कथेचे तात्पर्य येथे तंतोतंत लागू पडते.

अडवण्याच्या नैतिक बाजूचा विचार जैन दर्शनाने जितका सरळ केला आहे तितका अन्य कोणी क्वचितच केला असेल. जैन कर्मसिद्धांतात आत्म्याला बांधणाऱ्या कर्मांचे आठ मुख्य प्रकार मानलेले आहेत आणि त्यांतील आठवे अंतराय कर्म होय. दान देण्यात, लाभ होण्यात, भोग आणि उपभोग घेण्यात आणि स्वतःचे सामर्थ्य वापरण्यात जे आड येते ते अंतराय. असे त्याचे पाच पोटभेद आहेत. हे कर्म का जडते, याचे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील उत्तर थोडक्यात असे आहे की दुसऱ्यांच्या वाटेत विघ्न आणल्यामुळे जडते. माणसाच्या वाटेतील अडथळ्याचे मूळ त्याने स्वतः उभ्या केलेल्या अडथळ्यांत आहे, या सिद्धांताचा पूर्वजन्मासह स्वीकार करणे प्रत्येकाला शक्य होईल असे नाही. तरीही एका समाजाचे वर्णन म्हणून तो या जन्मापुरताही खरा आहे. कचेरीत फाईल अडवणारा कारकून संध्याकाळी मुलाच्या शाळाप्रवेशासाठी दुसऱ्या कोणाच्या टेबलापाशी ताटकळतो, तो शाळेचा लिपिक वडिलांच्या पेन्शनसाठी तिसऱ्या कचेरीत हेलपाटे घालतो, आणि प्रत्येक जण स्वतःला अडवला गेलेला समजतो, अडवणारा कोणीच समजत नाही.

सार्वजनिक गणेशोत्सव हा या बाबतीत आत्मपरीक्षणाचा सर्वांत स्वाभाविक प्रसंग आहे. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी ज्या उत्सवाला व्यापक सार्वजनिक रूप दिले, त्याने मराठी समाजाला एकत्र येण्याची सवय लावली, कलावंत घडवले आणि वस्त्यांना आपली अशी ओळख दिली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण विघ्नहर्त्याचा मंडप रस्त्याचा निम्मा भाग व्यापून उभा राहतो आणि रुग्णवाहिकेला गल्लीतून वळसा घ्यावा लागतो, तेव्हा उत्सवाचे नाव आणि उत्सवाचे काम यांची फारकत होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ मध्ये दिलेल्या आदेशांत सार्वजनिक रस्ते व पदपथ अडवून मंडप घालण्याचा हक्क सांगता येणार नाही, ही भूमिका कोणत्याही एका धर्मापुरती न ठेवता सर्व उत्सवांसाठी स्पष्ट केली. ती धर्मावरची बाहेरून आलेली कुरघोडी आहे अशी तक्रार झाली, पण दुसऱ्याला विघ्न न करणे ही अट धर्मविचाराच्या आतलीच आहे, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. ज्या मंडळांनी मंडप आटोपशीर केले आणि रस्ता मोकळा ठेवला, त्यांच्या पूजेत काही उणे आले असे म्हणता येणार नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. अडवणे हे सरसकट पाप मानले तर नियम, परवानग्या, न्यायालये आणि विरोध करणारी माणसे हीदेखील विघ्नेच ठरतील, आणि ‘विकासाच्या वाटेतील अडथळे’ दूर करण्याच्या घोषणेला धर्माचा आधार मिळेल. पुराणांतील विघ्नेश्वर याच ठिकाणी उपयोगी पडतो, कारण काही विघ्ने योग्य असतात आणि ती राखणे हेही देवकार्यच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक केले. डिसेंबर २०१४ च्या वटहुकुमाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना या अटींतून वगळले, तेव्हा त्या अटी म्हणजे प्रगतीतील अडसर असल्याचे सांगण्यात आले. विरोधानंतर तो वटहुकूम २०१५ मध्ये व्यपगत झाला. प्रकल्प आणणाऱ्याला जे विघ्न वाटते तेच जमीन कसणाऱ्याला कुंपण वाटते. दोघांपैकी कोणाचे म्हणणे मानायचे यासाठी तीन कसोट्या लावता येतात: तो अडथळा बलवानाला अडवतो की दुर्बलाला, तो राखणारा माणूस त्याचे कारण उघडपणे सांगू शकतो की नाही, आणि तो सर्वांना सारखाच लागू आहे की उत्तेजक असणाऱ्याला त्यातून वाट आहे. संमतीची अट या कसोट्यांना उतरते. अडकवून ठेवलेली फाईल तिन्हींत नापास होते.

आतापर्यंत बाहेरच्या अडथळ्यांचा विचार झाला, परंतु भारतीय परंपरेने विघ्नाचे खरे घर आत मानले आहे असेही म्हटले जाते, आणि त्याला आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत: व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व, संशय, प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आलस्य, अविरती म्हणजे विषयांपासून न हटणे, भ्रांतिदर्शन म्हणजे भलतेच खरे मानणे, अलब्धभूमिकत्व म्हणजे साधनेची पायरी न गाठणे आणि अनवस्थितत्व म्हणजे गाठलेल्या पायरीवर न टिकणे. या यादीची सूक्ष्मता तिच्या शेवटात आहे, कारण यश न मिळणे हा जसा अडथळा तसा मिळालेले यश न पचणे हाही अडथळाच. त्याच ग्रंथाच्या विभूतिपादात पतंजली आणखी एक पाऊल पुढे जातात आणि साधनेतून मिळणाऱ्या सिद्धी याच समाधीतील उपसर्ग, म्हणजे अडचणी, असल्याचे सांगतात.

मात्र या आतल्या विघ्नांची भाषा बाहेरच्या विघ्नांवर पांघरूण घालण्यासाठी वापरली जाते, तेव्हा तिचा गैरवापर होतो. प्रेरणादायी व्याख्यानांत ‘अडथळा तुमच्या मनातच आहे’ हे वाक्य सहज फेकले जाते, आणि ऐकणाऱ्यांत ज्याच्या गावाला एसटी येत नाही तोही असतो. पतंजलींनी नऊ अंतराय सांगितले ते योग्याला, स्वतःच्या चित्ताचे निरीक्षण करण्यासाठी. दुसऱ्याच्या दैन्याचे निदान करण्यासाठी नव्हे. शिवाय चित्तप्रसादाचे साधन म्हणून सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा या भावना बाळगाव्या असे तेच सांगतात. दुःखिताला त्याचे दुःख मनाचा खेळ आहे असे ऐकवणे या चारांपैकी कशातच बसत नाही. आतले विघ्न ही प्रथमपुरुषी गोष्ट आहे. ते प्रत्येकाने स्वतःपुरते शोधावे, आणि दुसऱ्याच्या बाबतीत मात्र आधी बाहेर पाहावे, असा या दोन दृष्टींचा मेळ घालता येतो.

हा मेळ तुकारामांच्या जीवनात प्रत्यक्ष दिसतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, घरात अन्नावाचून मृत्यू आला, आणि या आपत्तींनीच आपल्याला विठ्ठलाकडे वळवले, त्या आल्या हे बरेच झाले, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या अभंगांत आहेत. स्वतःवर आलेल्या विघ्नाचा त्यांनी असा आतून स्वीकार केला. पण त्यांच्या घरी सावकारीही होती आणि दुष्काळाने नागवलेल्या ऋणकोंची खते घरात पडून होती. चरित्रपरंपरा सांगते की त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला वेगळा काढून दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ऋणकोंना ‘दुःख सोसा, त्यातच देव भेटेल’ असा उपदेश ते करू शकले असते, कारण स्वतः त्यांनी तेच केले होते. त्यांनी तसे केले नाही. ज्या अडथळ्याचे धनीपण त्यांच्याकडे होते तो त्यांनी हटवला, आणि तो ओळखीपाळखीचा विचार न करता सर्वच ऋणकोंसाठी हटवला. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी कोणाला उत्तेजक दिला नाही, आपल्या हातातला मणीच नदीत टाकला.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे रूपक येते त्यात त्याच्या हातातील परशू म्हणजे तर्क आणि अंकुश म्हणजे नीतीचा विवेक, अशी योजना आहे. विघ्नहर्त्याची आयुधे ही चिकित्सेची आयुधे आहेत, हे ज्ञानदेवांनी इतक्या आधी सांगून ठेवले आहे. त्या परशूने आधी कारणाचा अभाव आणि प्रतिबंधक वेगळे करावेत, मग प्रतिबंधकांत राखण्यासारखे कोणते आणि काढण्यासारखे कोणते ते ठरवावे, आणि शेवटी काढण्याच्या उपायांत मणी हटवणारा उपाय कोणता आणि उत्तेजक कोणता हे तपासावे. एवढे केल्यावर उरणारी प्रार्थना पूर्वीपेक्षा लहान असेल, पण खोटी नसेल. जो माणूस गणपतीपुढे हात जोडतो त्याने आपले अडलेले काम मार्गी लागल्यावर स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे: हे काम आता माझ्या मागच्याचेही याच रीतीने होईल का? उत्तर होकारार्थी असेल तर विघ्ननाश झाला. नकारार्थी असेल तर झाली ती केवळ सुटका, आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानण्याची घाई करण्याचे कारण नाही.